एमकॅडची कमतरता: मूल आजारी पडले की काय करायचे

एसीएडीएम हे जनुक पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. त्यावरून एमकॅड हे विकर (एन्झाइम) तयार होते. मध्यम लांबीची, साधारण 6 ते 12 कार्बनची मेदाम्ले (चरबीचे घटक) मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, तोडायचे काम त्याचे. आई आणि वडील, दोघांकडूनही जनुकाची सदोष प्रत आली की ते काम अडते. हीच एमकॅडची कमतरता. पोट भरलेले असेपर्यंत मूल अगदी ठणठणीत दिसते. यकृतातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा संपला की मात्र शरीराला चरबी पुरेशी वापरता येत नाही, चरबीपासून बनणारे पर्यायी इंधन, म्हणजे कीटोन, कमी पडतात आणि रक्तातली साखर कोसळते.

बरे असताना दोन खाण्यांमधले अंतर जास्तीत जास्त असे ठेवतात: 6 महिने ते 1 वर्ष 8 तास, दुसऱ्या वर्षी 10 तास, पुढे 12 तास. 6 महिन्यांहून लहान बाळाला झोपेतून उठवून पाजावे लागते. किती तासांनी, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. एमसीटी तेलाचे (मध्यम लांबीच्या मेदाम्लांच्या तेलाचे) दूध-पावडर किंवा पूरक देऊ नका. खोबरेल तेलातही ही मेदाम्ले असतात, त्यामुळे स्वयंपाक त्यातच होत असेल तर आहारतज्ज्ञांना विचारा.

ताप, उलट्या, जुलाब सुरू झाले किंवा मुलाने जेवण टाकले की वरचे तास विसरायचे. लगेच माल्टोडेक्स्ट्रिनचे (ग्लुकोज देणाऱ्या पिष्टमय पावडरचे) पाणी सुरू करा: 1 वर्षापर्यंत 10 टक्के, 1 ते 2 वर्षे 15, 2 ते 10 वर्षे 20, त्यापुढे 25 टक्के. तीन वर्षांच्या मुलासाठी 200 मिली करायचे तर 40 ग्रॅम पावडर वजनकाट्यावर मोजा, थोड्या पाण्यात विरघळवा आणि मग 200 च्या खुणेपर्यंत पाणी घाला. चमच्याच्या अंदाजाने केलेले पाणी दाट झाले तर जुलाब वाढतात, पातळ झाले तर ऊर्जा पुरत नाही. दर 2 तासांनी द्या, रात्रीसुद्धा. एका वेळी किती, हे वजनावर ठरते. तो आकडा आधीच लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा.

सर्वात घातक चूक म्हणजे नुसत्या ओआरएसवर भिस्त ठेवणे. प्रमाणित ओआरएसच्या 1 लिटरमध्ये ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. पाणी-क्षार भरून निघतात, उपासमार तशीच राहते.

माल्टोडेक्स्ट्रिनचे पाणी पोटात टिकत नसेल, मूल सुस्त, गुंगीत किंवा वेगळेच वागत असेल तर थेट रुग्णालय गाठा. ग्लुकोमीटरवर साखर ठीक दिसली म्हणून थांबू नका. साखर उशिरा घसरते, गुंगी आधी येऊ शकते. लघवीत कीटोन नाहीत हाही दिलासा नव्हे, कारण या आजारात ते कमीच बनतात. रुग्णालयात शिरेतून 10 टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) क्षारांसह लगेच सुरू व्हायला हवे, तपासणीचे अहवाल येईपर्यंत वाट न पाहता. हे सांगणारे, तज्ज्ञांच्या सहीचे पत्र कायम पिशवीत असू द्या. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी हा आजार कधी पाहिलेलाच नसेल.

शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवायचे असेल तर त्याआधीच शिरेतून डेक्स्ट्रोज सुरू करायला सांगा. मूल मोठे झाल्यावरही निर्जळी एकादशी किंवा नवरात्राचे कडक उपवास नकोत, आणि घरातल्या थोरांना हे स्पष्ट सांगा. रिकाम्या पोटी दारू तर जिवावर बेतू शकते.

भावंडे ठणठणीत दिसली तरी त्यांची तपासणी करा. सख्ख्या प्रत्येक भावंडाला हा आजार असण्याची शक्यता 25 टक्के असते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री या प्रयोगशाळेतल्या चाचणीत सी8 अ‍ॅसिलकार्निटिन, म्हणजे न तुटलेल्या 8 कार्बनच्या मेदाम्लाची खूण, वाढलेले दिसते. भारतात ही चाचणी प्रत्येक बाळाची आपोआप होत नाही, म्हणून पुढच्या बाळंतपणाआधीच ती ठरवून ठेवा आणि अहवाल येईपर्यंत बाळाला वेळेवर पाजत राहा.