लाकडी माडी करकरतेय? या चुका टाळा

माडीची फळी करकरली की घरातला कुणीतरी हातोडा शोधायला लागतो. पहिली चूक तीच. खिळा सैल झालेला असतो, पाय पडला की फळी त्याच्यावर वरखाली घासते, म्हणून तर आवाज येतो. तोच खिळा त्याच भोकात पुन्हा ठोकून घट्ट कसा होईल? मग शेजारी दुसरा, तिसरा. शेवटी फळीच उभी चिरते.

स्क्रू लावा, पण तिथेही घाई नको. जुन्या सागवानात नुसताच पिळलात तर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. 4 मिलिमीटरच्या स्क्रूसाठी मी तुळईत 3 मिलिमीटरचं भोक पाडतो, फळीतलं मात्र साडेचारचं ठेवतो. हे मोठं भोक पुष्कळांना पटत नाही. पण आटे फळीतही धरले, तर फळी खाली ओढलीच जात नाही आणि मधली फट तशीच राहते. फळी इंचाची असेल तर स्क्रू अडीच इंची घ्या. तुळई कुठे आहे ते जुन्या खिळ्यांची रांग सांगते. ती चुकलात तर स्क्रूचं टोक खालच्या खोलीत डोकावतं. तुळईवरून वायर गेलीय का, तेही आधी बघा.

माझा खरा राग तेलावर आहे. कोकणातल्या एका घरी गणपतीच्या आदल्या दिवशी भाच्याने फटींत वाटीभर खोबरेल ओतलं. करकर थांबली, सगळ्यांनी शाबासकी दिली. रात्री तेल झिरपून खालच्या मखरावर टपकलं. नवं कोरं कापड, त्यावर डाग! पुढे फटींत धूळ बसून काळा चिकटा झाला, मुंग्या लागल्या आणि त्या लाकडावर ना फेविकॉल धरेना ना पॉलिश. फळ्या एकमेकींना घासत असतील तर साधी टाल्कम पावडर टाका, ब्रशने आत सारा आणि त्यावरून चाला. पुरतं.

खालून फट दिसली म्हणून पाचर ठोकू नका. फळी उचलली जाते आणि शेजारची बोलायला लागते. पातळ पाचर, थोडा फेविकॉल, बोटाने सरकेल तेवढीच आत.

आवाज नेमका कुठून येतो ते न बघता अख्खी खोली उकलणारेही भेटतात. एकाने वर चालावं, दुसऱ्याने खाली खडू घेऊन उभं राहावं, एवढंच तर काम.

श्रावणात ‘झालं दुरुस्त’ म्हणू नका. पावसात लाकूड फुगतं, फटी मिटतात. सुताराचा हिशेब चुकता होतो आणि मार्चमध्ये मला फोन येतो. हे काम उन्हाळ्याचं.

वर गालिचा टाकणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

भिंतीलगत फळी करकरते आणि शिवाय दबतेही, तर तुळईचं भिंतीतलं टोक पेचकसाने टोचा. पेचकस लोण्यात गेल्यासारखा शिरला तर ओल किंवा वाळवी लागलीय. मग स्क्रू-पावडर राहू द्या, तुळईला टेकू द्या, जाणकाराला दाखवा आणि तोवर त्या खोलीत माणसं जमवू नका.