सातारा हिल हाफ पळायचीये? मग चढापेक्षा उताराची तयारी करा

रनिंगचं वेड आता इतकं पसरलंय की रविवारी पहाटे साडेपाचला पुण्यात तळजाईला जा नाहीतर ठाण्यात येऊरला, हातात घड्याळ लावून पळणारे वीसपंचवीस जण सहज दिसतात, त्यात पन्नाशीच्या काकूही असतात आणि मला ते बघून खूप भारी वाटतं. यातल्या कितीतरी जणांच्या डोक्यात एकच असतं, सातारा हिल हाफ मॅरेथॉन. 2012 ला सुरू झालेली ही रेस, 21.1 किमी, साताऱ्यातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. तसं या जिल्ह्याला पळणं काही नवीन नाही, रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसची (अडथळ्यांवरून पळायची शर्यत) फायनल गाठणारी ललिता बाबर इथल्याच माण तालुक्यातल्या मोहीची.

तर तयारी. आज सलग 5 किमी आरामात पळता येत असेल तर साडेतीन-चार महिने हातात ठेवा. येत नसेल तर आधी तेच करा, दोन मिनिटं पळा एक मिनिट चाला असं करत करत, त्यात कमीपणा काही नाही. चाळिशी ओलांडलीये, बीपी-शुगर आहे किंवा घरात कुणाला हार्टचा त्रास आहे तर पहिल्यांदा डॉक्टरांना भेटून या, नंतर शूजच्या दुकानात.

आठवड्यातून चार दिवस बास. दोन दिवस हळू, एक दिवस चढ, रविवारी लाँग रन. हळू म्हणजे किती हळू, तर शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत, दम लागून शब्द तुटायला लागले की तुम्ही जोरात पळताय. नवीन लोकं इथेच चुकतात, रोज दमछाक होईपर्यंत पळतात आणि महिनाभरात नडगी धरून बसतात, कारण दम लवकर वाढतो पण हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला जास्त वेळ घेतात. लाँग रन दर आठवड्याला एकदीड किलोमीटरने वाढवा, चौथ्या आठवड्याला कमी करा, असं करत रेसच्या तीन आठवडे आधी 18 पर्यंत पोचलात की झालं, पूर्ण 21 आधी पळून बघायची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. चढाची भीती सगळ्यांनाच असते म्हणून सगळे चढाचीच प्रॅक्टिस करतात. मी पण तेच केलेलं, सिंहगडाचा घाट पळत चढायचो आणि खाली येताना मित्राच्या गाडीवर बसून यायचो. रेसला वर मस्त पोचलो, उतारावर सुसाट सुटलो आणि शेवटच्या चार किमीला मांड्या अशा आखडल्या की चालत फिनिश केलं, पुढचे तीन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, त्यात तो जास्त झिजतो, आणि हे तेव्हा कळत नाही कारण श्वास एकदम मोकळा असतो. म्हणून जेवढं चढाल तेवढं पळत उतरा, सुरुवातीला थोडंच. पावलं छोटी आणि भरभर, पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, पुढे लांब टाकून टाच आपटायची नाही, आणि मागे रेलायचं तर अजिबात नाही. घरी जिन्याच्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली टेकायचा व्यायाम आठवड्यातून दोनदा केलात तर खूप फरक पडतो.

शूज अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असेच घ्या, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. रेसच्या दिवशी नवीन काहीच नको, शूज नाही, मोजे नाहीत, खाणं पण नाही. ही रेस पावसाळ्यात असते, घाटात धुकं-पाऊस दोन्ही मिळू शकतं, ओल्या कपड्याने काखा-मांड्या सोलवटतात म्हणून आधीच व्हॅसलिन लावा. दोन तास आधी केळं आणि पीनट बटर ब्रेड किंवा थोडे पोहे, जे रविवारी पचतं तेच. थंडाव्यात तहान कळत नाही, तरी वाटेतल्या दर पाण्याच्या स्टेशनला दोन घोट घ्या, पण नुसतं साधं पाणी लिटरभर ढोसू नका, रक्तातलं मीठ खाली जातं, मधे ओआरएस घ्या. आणि पेनकिलर खाऊन कुणीही पळू नका प्लीज, किडनीवर येतं.

घाटात पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागली ते, विसरा, श्वासावर पळा, खड्या वळणांवर चाललात तरी चालेल. वरून वळल्यावर पहिले दोन किमी मुद्दाम हात राखून, सगळे ओव्हरटेक करतील, करू देत. छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र तिथेच थांबा आणि व्हॉलंटियरला हाक मारा. फिनिशनंतर लगेच बसायचं नाही, दहा मिनिटं चाला, ओला टीशर्ट बदला, मग कंदी पेढे घ्यायला मोकळे.