रोहिणी लागल्या, नाल्यावर माती टाकण्याआधी सांडवा आखा

२५ मेला रोहिणी लागतात, जेसीबीचा ताशी दर चढतो आणि पाणी अडवायला घाईघाईनं नाल्यात मातीचा बांध ओढला जातो. वळवाच्या सरीत बांध टिकतो. मग आर्द्राच्या एखाद्या रात्री पाणी माथ्यावरून जातं आणि खालच्याचं सोयाबीन मातीसकट जातं. मी पाहिलेल्या बहुतेक फुटक्या बांधांना सांडवाच, म्हणजे जादा पाणी बाजूनं काढून देणारी वाटच नव्हती, नाहीतर नावापुरती होती.

परवानगी त्यासाठीच घ्यायची. नाला तुमच्या गटातून वाहत असला, तरी कुणाचा खासगी हक्क शाबीत नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम २० नुसार तो सरकारचा. ग्रामपंचायतीचा ठराव, खालच्या शेतकऱ्यांची लेखी संमती, जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाकडे अर्ज. धरण सुरक्षा कायदा २०२१ मोठ्या धरणांचा आहे, आपला चार मीटरचा बांध त्यात येत नाही, असं मशीनवाला सांगेल. खरं आहे. पण खालच्या शेतकऱ्यानं भरपाई मागितली की मशीनवाला फोन उचलणार नाही. अभियंत्याकडून सांडव्याचा हिशेब मात्र लेखी घ्या.

माझा ढोबळ अंदाज असा: पूर कुठवर चढतो ते कळायला काठावरच्या बाभळींना अडकलेला जुना पूरकचरा बघा, म्हाताऱ्यांना विचारा. सांडवा निदान नाल्याच्या पात्राएवढा रुंद, कडेच्या मूळ कठीण जमिनीत, भरावात कधीच नाही. त्याच्या तळापेक्षा बांधाचा माथा मीटरभर उंच.

बाकीचं:
– नालातळाचा उतार ३ टक्क्यांच्या आत
– पायाचा चर कठीण थरापर्यंत
– गाभ्यात काळी माती, बाहेर मुरूम
– वीतभराचे थर, पाणी मारून दाबलेले
– बांधावर झाड नको

दुकानदार ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद गळ्यात मारेल. तो शेततळ्याला ठीक, पण नालाबांधात पाणी मुरायलाच हवं. तो पैसा सांडव्याच्या पिचिंगला, म्हणजे दगड बसवायला घाला.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणकडचं तिवरे धरण फुटलं. गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या, खापर मात्र खेकड्यांवर फुटलं. बिळं बुजवाच, पण पायथ्याशी झिरपणारं पाणी गढूळ दिसलं तर त्याच दिवशी अभियंत्याला बोलवा.

यंदा काम मृगाच्या आधी पुरं होत नसेल तर अर्धा बांध ठेवू नका. माती काठावर ओढून नाला मोकळा करा, काम दिवाळीनंतर धरा. आणि बांधलेलं असून रात्री पाणी माथ्याला वीतभर राहिलं, तर फावडं बांधावर चालवू नका. सांडव्यातला पालापाचोळा काढा आणि आधी खालच्या वस्तीला उठवा.