साधं दिसलं म्हणजे शेकर नव्हे! जुनं फर्निचर ओळखताना या चुका टाळा

मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या फर्निचरची दुरुस्ती करतो. उन्हाळ्यात जुन्या घरांतल्या सामानाची विक्री सुरू झाली की आपल्या मंडळींचे फोटो येऊ लागतात: "हे शेकर आहे ना?" शेकर म्हणजे अमेरिकेतला एक जुना ख्रिस्ती पंथ, आणि त्यांनी बनवलेलं साधं, नेटकं फर्निचरही त्याच नावानं ओळखलं जातं. फोटोतलं बहुतेक वेळा शेकर नसतं. त्याचं वाईट वाटत नाही. असलेलं हातानं घालवतात, त्याचं वाटतं.

रंग खरवडू नका. चुकांमध्ये ही सगळ्यात महागाची. ओळखीच्या एका जोडप्यानं बर्कशायर भागातून पाइनची पेटी घेतली, जुन्या लाल रंगाची. "शेकर म्हणजे साधं लाकूड" हे कुठंतरी ऐकलेलं. शनिवार-रविवारी पेंट रिमूव्हर लावून, पॉलिश पेपर मारून पेटी लख्ख केली आणि मग किंमत विचारायला माझ्याकडे आणली. मी बिजागरीचे स्क्रू काढले. पत्र्याखाली नखाएवढा लाल तुकडा शिल्लक होता, गाभुळलेल्या चिंचेच्या रंगाचा. कोपऱ्यांचे डव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकणारे शेपटीच्या आकाराचे सांधे, हातानं कापलेले, पातळ आणि नेटके. पेटी शेकरांची असणं अगदी शक्य होतं, पण ते सांगू शकणारा रंगच धुऊन गेला होता. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेकर रंगाला घाबरत नव्हते. लाल, पिवळा, निळा, हिरवा, सगळे वापरायचे. १८४५ च्या त्यांच्या नियमावलीत पलंग हिरवे रंगवावेत असं स्पष्ट आहे. त्याच नियमावलीत निव्वळ शोभेच्या नक्षीदार पट्ट्यांना मनाई आहे. मनाई नक्षीला होती, रंगाला नव्हती. मी जुन्या रंगावर ओलसर सुती फडक्यापलीकडे काही लावत नाही, तेही आधी आतल्या बाजूला लावून बघतो. दोन दिवसांत वस्तू नवी करायची घाई असेल, तर जुनी वस्तू घेऊच नका.

नुसता साधेपणा बघून ठरवू नका. जाडजूड ओकची, जोडाची टोकं मुद्दाम बाहेर दाखवणारी खुर्ची म्हणजे मिशन शैली, अमेरिकन फर्निचरकार गुस्ताव स्टिकलींच्या काळातली, १९०० च्या आसपासची. शेकर त्याच्या खूप आधीचे. पंथाच्या प्रमुख अ‍ॅन ली १७७४ मध्ये इंग्लंडहून आल्या आणि पुढे न्यूयॉर्क राज्यातलं माउंट लेबनन पंथाचं मुख्य ठाणं झालं. शेकरांची खुर्ची सहसा मेपलची आणि एका हातानं उचलता येईल इतकी हलकी. भिंतीवरच्या खुंट्यांना टांगून खालची जमीन झाडता यावी, म्हणून. पाठीला आडव्या वाकवलेल्या पट्ट्या, मागच्या खांबांवर छोटा कातीव कळस, आणि बैठक बऱ्याचदा आपल्या नवारीसारख्या पट्टीची, चौकडी विणलेली.

पण शिडीसारखी पाठ त्या भागातले बाकीचे सुतारही करायचेच. म्हणून मी खुर्ची उलटी करतो आणि मागच्या पायांची टोकं बघतो. काहींत खोबण करून अर्धगोल लाकडी गोळी बसवलेली असते, आतून चामड्याच्या वादीनं धरलेली. मागं रेललं की पाय तिरपा होतो, गोळी मात्र जमिनीवर सपाट राहते आणि फरशीला खड्डा पडत नाही. याच्या धातूच्या आवृत्तीचं पेटंट १८५२ चं आहे. अशी गोळी दिसली की मी खुर्ची खाली ठेवत नाही.

दुसरी सवय कॅलिपरची, म्हणजे जाडी मोजायच्या साधनाची. कातताना गोल असलेला खांब शंभर-दीडशे वर्षांत किंचित लंबगोल होतो, कारण लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. दोन दिशांनी मोजा. माप तंतोतंत सारखं आलं तर मी लगेच सावध होतो.

खुर्चीवरच्या सोनेरी छापावर विसंबू नका. तिथला खुर्च्यांचा धंदा सांभाळणाऱ्या रॉबर्ट वॅगन यांच्या काळात माउंट लेबननच्या खुर्च्या मोठ्या प्रमाणावर बाहेर विकायला निघाल्या, ० ते ७ अशा क्रमांकांच्या मापांत. नक्कल फार होऊ लागली म्हणून छाप आला. त्याआधीच्या अस्सल खुर्च्यांवर तो नाही, आणि नव्या खुर्चीवर तो चिकटवणं अवघड नाही.

खणांच्या मुठी बघून भुलू नका. पितळी मुठी नंतर कुणीही लावतं. खण बाहेर काढा आणि जुनी भोकं शोधा. मूळच्या मुठी बहुधा कातीव लाकडी असतात.

सगळं शेकर एका साच्यात बसवू नका. केंटकीतल्या प्लेझंट हिल या शेकर वस्तीचं काम न्यू इंग्लंडपेक्षा वेगळं आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांच्याही सामानात सजावट शिरली.

शेकरांच्या लंबगोल डबीची नुसती बोटं मोजू नका. मेपलच्या पातळ पट्टीची ती निमुळती टोकं नकलांतही असतात. खिळे बघा, तांब्याचे हवेत.

आणि पुण्याहून जे मॉड्युलर किचनचे फोटो येतात, त्यांच्याबद्दल: चार पट्ट्यांची चौकट आणि मध्ये खोल, सपाट फळी असलेल्या शटरला दुकानदार "शेकर" म्हणतात. नाव या शेकरांवरूनच आलंय आणि शटर छानही दिसतं. पण एमडीएफवर पीयू रंग मारलेल्या दारासाठी "अस्सल शेकर" म्हणून जादा पैसे मोजू नका.