सेव्हचं बटण कुठल्या हाताला? एकच प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालवायचा असेल तर

आधी झालं काय ते सांगतो, म्हणजे मी या गोष्टीच्या एवढा मागे का लागलोय ते कळेल. इथे इंदूरला आमच्या मंडळाचं छोटंसं मराठी वाचनालय आहे, त्याच्या देवघेवीचा प्रोग्रॅम मी पायथन भाषेत आणि क्यूटीमधे (खिडक्या, बटणं, मेनू बनवायचं तयार साधन) लिहिला. ऑफिसात विंडोज, शिवाय जेल रोडवरून पार्ट आणून जोडलेला एक जुना पीसी त्यावर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार), आणि वर्गणीचा हिशोब बघणाऱ्या काकूंकडे त्यांच्या मुलानं दिलेलं मॅकबुक. मी सगळं विंडोजवर बसून बनवलं, तिन्हीकडे चालू झालं, मी खूश. मग एक दिवस काकूंनी दुपारभर बसून चाळीसेक सभासदांची वर्गणी चढवली, खिडकी बंद करायला गेल्या, माझा डायलॉग आला, डावीकडे "सेव्ह करा" उजवीकडे "सेव्ह नको", आणि त्यांनी सवयीनं उजवं दाबलं. सगळं गेलं. "अरे मी सेव्हच दाबलं होतं रे" असं म्हणत होत्या आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं, कारण मॅकवर मुख्य बटण उजव्या टोकाला असतं, इतक्या वर्षांत हात आपोआप तिकडेच जातो, वाचतंय कोण. विंडोजवर ओके आधी आणि कॅन्सल नंतर, मॅकवर कॅन्सल आधी आणि ओके शेवटी. लिनक्सवर आणखी वेगळं, तिथे डेस्कटॉपच निरनिराळे असतात, त्यातला नोम मॅकसारखा चालतो आणि केडीई विंडोजसारखा. चूक माझी होती, त्या चाळीस नोंदी मी रात्री काकूंसोबत बसून पावतीपुस्तकावरून परत चढवल्या.

तर पहिली गोष्ट, डायलॉगची बटणं स्वतःच्या हातानं ओळीत मांडू नका. क्यूटीमधे क्यू-डायलॉग-बटन-बॉक्स म्हणून तयार विजेट (खिडकीतला तयार भाग) आहे, त्याला फक्त सांगायचं की हे बटण स्वीकारण्याचं, हे रद्द करण्याचं, हे टाकून देण्याचं, मग कुठलं कुठे ठेवायचं ते तो त्या त्या सिस्टीमप्रमाणे ठरवतो. मॅकवर तर टाकून देण्याचं बटण बाकी दोघांपासून लांब डावीकडे सरकवतो, म्हणजे चुकून दाबलं जात नाही. बटणावर मराठी नाव टाकलं तरी काही बिघडत नाही, रोल (त्याला नेमून दिलेलं काम) तोच राहतो. आणि नाव देताना नुसतं "हो" आणि "नाही" लिहू नका, काय होणार ते क्रियापदच लिहा, "सेव्ह करा", "टाकून द्या".

मेनूचं थोडं नीट समजून घ्या, कारण इथे मराठीत बनवणारे हमखास अडकतात. मॅकवर मेनूबार खिडकीत नसतो, स्क्रीनच्या वरच्या कडेला असतो, आणि सेटिंग्ज, अबाउट, क्विट हे तिन्ही प्रोग्रॅमच्या नावाच्या मेनूत जातात. विंडोजवर क्विटसारखी गोष्ट फाइल मेनूत शोधतात आणि अबाउट हेल्पमधे. क्यूटी हे सरकवायचं काम स्वतः करतो, पण तो ओळखतो मेनूवरच्या शब्दावरून, म्हणजे इंग्रजीत प्रेफरन्सेस किंवा क्विट लिहिलं असेल तर. तुम्ही "मांडणी बदला" आणि "बाहेर पडा" लिहिलंत की त्याला काही कळत नाही, ते जिथल्या तिथे राहतं, आणि काकू वरच्या मेनूत सेटिंग शोधत बसतात. उपाय एका ओळीचा आहे, त्या अॅक्शनला (मेनूतल्या त्या ओळीला) मेनू रोल स्वतः देऊन टाका. माझा यात एक अख्खा रविवार गेला म्हणून मुद्दाम लिहितोय.

शॉर्टकटही तसेच, हातानं कंट्रोल-वाय वगैरे लिहू नका. रीडू (मागे घेतलेलं परत करणं) विंडोजवर कंट्रोल-वाय आहे आणि मॅकवर कमांड-शिफ्ट-झेड, क्यूटीत स्टँडर्ड की म्हणून यादी आहे तिथून "रीडू" घेतलं की आपोआप बरोबर लागतं. फाइल उघडायची आणि प्रिंटची खिडकीही सिस्टीमचीच वापरा, लोकांना त्यांचे फोल्डर तिथे ओळखीच्या जागी दिसतात. डेटा कुठे ठेवायचा तेही सिस्टीमला विचारा, विंडोजवर अॅपडेटा, मॅकवर लायब्ररीतलं अॅप्लिकेशन सपोर्ट. प्रोग्रॅमच्या फोल्डरमधेच फाइल लिहू नका.

आता टायपिंग. आपल्या लोकांसाठी माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. पुस्तक शोधायचा बॉक्स मी हौसेनं स्वतः काढला होता, जुळलेली अक्षरं केशरी दिसावीत म्हणून एकेक अक्षर वेगळं रंगवत होतो. इंग्रजीत मस्त दिसायचं. देवनागरीत "किती" लिहिलं की वेलांटी क पासून सुटून ठिपक्यांच्या गोलाला लटकायची, "दुसऱ्या" मधला र आणि य फुटून पायमोडका र वेगळाच उभा राहायचा. कारण आपल्या लिपीत अक्षराचा आकार शेजारचं अक्षर बघून ठरतो आणि ते जोडकाम सिस्टीमचं टेक्स्ट इंजिन करतं, तुम्ही एकेक सुटं रंगवलं की त्याला जोडायला काही उरतच नाही. इन्स्क्रिप्ट असो की फोनेटिक, कीबोर्डसुद्धा सिस्टीमच्या इनपुट पद्धतीतून येतो, आणि बाणाच्या कीनं "क्ष" एका उडीत ओलांडायचा का अर्ध्यात थांबायचं हे लोकांच्या बोटांना त्या मशीनवर ठाऊक असतं. साधा तयार टेक्स्टबॉक्स टाकला आणि हे सगळं एका संध्याकाळी सुटलं. फाँटचं नाव पण कोडमधे पक्कं करू नका, विंडोजवरचा निर्मला यूआय उबुंटूवर नाही, जो सिस्टीमचा आहे तोच घेऊ द्या.

आणि एक, ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांच्यासाठी. आमच्या एका निवृत्त सरांची नजर बरीच गेलीय, ते विंडोजवर एनव्हीडीए हा फुकट स्क्रीनरीडर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरतात. माझी गोल गोल चित्रांची बटणं त्यांच्या मशीनवर मुकी होती, कारण ती नुसती चित्रं होती, बटण आहे हे सिस्टीमला मी सांगितलंच नव्हतं. तयार बटणं ही माहिती स्वतःच देतात. "आता बोललं बघ" असं सर म्हणाले तेव्हा मला फार बरं वाटलं.

मला बरेच जण म्हणतात की सगळीकडे एकसारखं दिसलं तर आपली ओळख राहते, आणि एकच काम एकदाच करायचं. रंग आणि लोगो आपले ठेवा ना, त्याला कोण अडवतंय. पण वागणं त्या मशीनचं पाहिजे, माणूस तुमच्या प्रोग्रॅममधे दिवसाचा अर्धा तास असतो आणि बाकी वेळ त्या मशीनवरच्या बाकी सगळ्या प्रोग्रॅममधे. आपण इंदूरचे मराठी लोक दुकानात "कित्ते का दिया भिया" म्हणतो आणि घरात शिरलो की मराठी, त्यानं आपण काही दुसरे होत नाही. 1994 साली मायक्रोसॉफ्टनं मॅकसाठी वर्ड 6 काढलं ते विंडोजवाल्या कोडवरूनच, मॅकवाल्यांना ते संथ आणि परकं वाटलं आणि लोक जुनं 5.1 च वापरत राहिले. पुढे ऑफिस 98 मॅकच्या पद्धतीनं बनवावं लागलं. उलट 2008 च्या फायरफॉक्स 3 नं विंडोज, मॅक आणि लिनक्स प्रत्येकावर तिथला वेश घेतला होता, आतलं इंजिन तेच.

क्यूटीऐवजी दुसरं काही साधन वापरत असाल तर जावाच्या स्विंगला सिस्टीमचं लुक अँड फील (दिसणं-वागणं) लावायला सांगावं लागतं, फ्लटरमधे अॅडॅप्टिव्ह (सिस्टीम बघून बदलणारी) विजेट आहेत, इलेक्ट्रॉनमधे मेनूचे रोल आणि "कमांड-ऑर-कंट्रोल" (मॅकवर कमांड, बाकीकडे कंट्रोल) आहे.

शेवटी तपासणी. जो दिवसभर तेच मशीन वापरतो त्यालाच बसवा, स्वतः मागे खुर्ची घेऊन गप्प बसा, पंधरा मिनिटं एक शब्द बोलू नका, फक्त माउस कुठे जाऊन परत येतो ते वहीत लिहा. मी काकूंकडे असाच बसलो होतो, माउस तीनदा वरच्या मेनूकडे गेला आणि तीनदा रिकामा परत आला, ते मेनू रोलचं मला तिथेच कळलं. परवा नवीन व्हर्जन टाकलं, काकूंनी वर्गणी चढवली, खिडकी बंद केली, न वाचता उजवं बटण दाबलं आणि नोंदी जागेवर होत्या.