कप विनर्स कपचे निकालपत्रक कसे वाचावे : १९७१-७२ चा मोसम

युरोपियन कप विनर्स कप ही फुटबॉल स्पर्धा १९६०-६१ पासून १९९८-९९ पर्यंत एकूण ३९ मोसम खेळली गेली. निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय चषकांचे विजेते क्लब तीत बाद पद्धतीने एकमेकांशी झुंजत. तिच्या जुन्या मोसमाचे निकालपत्रक प्रथमच हाती घेणाऱ्याला ते आकड्यांचे जंजाळ वाटते. ते वाचण्याची एक रीत आहे, आणि ती शिकण्यासाठी १९७१-७२ इतका सोयीचा मोसम मला तरी दुसरा आढळलेला नाही, कारण नियमांच्या बहुतेक सर्व खाचाखोचा त्या एका वर्षात प्रत्यक्ष उपयोगात आलेल्या दिसतात.

सर्वप्रथम ‘सामना’ आणि ‘लढत’ हे दोन शब्द मनात वेगळे ठेवावेत. अंतिम सामना वगळता प्रत्येक फेरीत दोन संघ एकमेकांच्या मैदानावर एकेकदा खेळत. ते झाले दोन सामने, आणि दोन्ही मिळून एक लढत. पत्रकात सहसा डावीकडे लिहिलेला संघ पहिल्या सामन्याचा यजमान असतो. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली नाही, तर पुढचे सगळे वाचन उलटेपालटे होते.

त्यानंतर कोणता संघ कोणत्या हक्काने आला आहे ते पाहावे. चेल्सी गतविजेता म्हणून आला होता. लिव्हरपूलने मात्र इंग्लंडचा चषक जिंकला नव्हता. आर्सेनलने साखळी आणि चषक दोन्ही जिंकल्यामुळे तो संघ युरोपियन कपमध्ये, म्हणजे साखळी-विजेत्यांच्या स्पर्धेत गेला आणि चषकाच्या उपविजेत्याला इकडची जागा मिळाली. ग्लासगोच्या रेंजर्सचेही तसेच, कारण स्कॉटलंडमध्ये सेल्टिकने दोन्ही किताब पटकावले होते. तेव्हा यादीत चषक न जिंकलेले नाव दिसले म्हणून छापण्यात चूक झाली असे लगेच समजू नये.

आता एकूण गोलांच्या रकान्याकडे वळावे. मात्र त्याच्यावर विसंबून राहू नये. पहिल्या फेरीत चेल्सीने लक्झेंबर्गच्या जनेस ओशाराज या संघाचा ८-० आणि १३-०, म्हणजे एकूण २१-० असा फडशा पाडला आणि त्यांपैकी आठ गोल एकट्या पीटर ऑसगुडने केले. हा आकडा पाहून चेल्सी मोसमभर गाजला असेल असे वाटते. प्रत्यक्षात पुढच्याच फेरीत स्वीडनच्या ओत्विदाबेर्गने त्याला बाहेर काढले. स्वीडनमध्ये ०-०, लंडनमध्ये १-१. एकूण गोल सारखेच असूनही चेल्सी हरला, कारण बरोबरी झाल्यास प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ पुढे जाई. अवे गोलचा हा नियम याच स्पर्धेत १९६५-६६ पासून लागू झाला होता.

याच्या शेजारी उपांत्य फेरीतील डायनॅमो मॉस्को आणि डायनॅमो बर्लिन यांची लढत ठेवून पाहावी. तिथे दोन्ही सामने १-१ असे सुटले. एकूण गोल सारखे, अवे गोलही सारखे. म्हणून जादा वेळ आणि त्यानंतर पेनल्टी शूटआउट (दोन्ही संघांनी आळीपाळीने पेनल्टी मारून लावायचा निकाल), जो मॉस्कोच्या संघाने ४-१ असा जिंकला आणि युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचणारा पहिला सोव्हिएत क्लब होण्याचा मान मिळवला. शूटआउटची पद्धत आदल्याच मोसमात आली होती. त्याआधी अशी कोंडी नाणे उडवूनही फोडली जाई.

या मोसमातील सर्वांत अवघड ओळ दुसऱ्या फेरीत येते, आणि तिच्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. रेंजर्स विरुद्ध स्पोर्टिंग लिस्बन : ग्लासगोत ३-२, लिस्बनमध्ये जादा वेळेनंतर ३-४, एकूण ६-६. जादा वेळेची खूण दिसली की आधी नव्वद मिनिटांचा निकाल शोधून काढावा. लिस्बनमध्ये निर्धारित वेळेत स्पोर्टिंग ३-२ ने पुढे होता; म्हणजे दोन्ही सामने मिळून ५-५, आणि दोन्ही संघांचे अवे गोल प्रत्येकी दोन. या टप्प्यावर निवाडा होणे शक्य नव्हते, म्हणून खेळ पुढे चालू राहिला. जादा वेळेत दोघांनी एकेक गोल केला. आता अवे गोलच्या नियमात जादा वेळेतील गोलही धरला जात असल्यामुळे रेंजर्सचे असे गोल तीन झाले, स्पोर्टिंगचे दोनच राहिले, आणि लढत तिथेच संपायला हवी होती. परंतु डच पंच लॉरेन्स फान राव्हेन्स यांनी शूटआउट घ्यायला लावला, तो स्पोर्टिंगने जिंकला आणि मैदानावर जल्लोषही झाला. नंतर नियमावर बोट ठेवले गेले आणि लढत रेंजर्सनी जिंकल्याचे ठरून त्यांना पुढच्या फेरीत प्रवेश मिळाला. काही पत्रकांत या शूटआउटचा उल्लेखच नसतो. तसे करणे नियमाला धरून असले, तरी त्यामुळे वाचकाच्या हातून त्या रात्रीचा सगळा गोंधळ निसटतो, असे मला वाटते.

एकेक ओळ उलगडली की एकाच संघाची वाट पहिल्या फेरीपासून खाली उतरत तपासावी. रेंजर्सची वाट पाहिली तर एक ठसा चटकन उमटतो. फ्रान्सच्या रेनविरुद्ध बाहेर १-१, घरी १-०. तोरिनोविरुद्ध बाहेर १-१, घरी १-०. बायर्न म्युनिकविरुद्ध बाहेर १-१, घरी २-०. तिन्ही वेळा आधी परक्या मैदानावर एक गोल करून ठेवायचा आणि मग घरी गोल होऊ द्यायचा नाही. पहिल्या १-१ नंतर घरची गोलशून्य बरोबरीदेखील पुरेशी ठरली असती, त्यामुळे गोल करण्याची निकड पाहुण्यांवर पडे. सँडी जार्डिनने पहिल्याच मिनिटाला गोल केल्यावर बेकेनबाउर आणि म्युलर यांच्या बायर्नपुढचा डोंगर किती उंच झाला असेल, हे २-० या आकड्यातून एरवी कळत नाही. घरचा सामना आधी आला तो केवळ स्पोर्टिंगविरुद्ध, आणि नेमकी तीच लढत हातातून जाता जाता राहिली.

अंतिम सामना वेगळ्या नजरेने वाचावा, कारण तो एकच आणि त्रयस्थ मैदानावर असतो. अवे गोल तिथे गैरलागू. २४ मे १९७२ रोजी बार्सिलोनाच्या नू कॅम्पवर रेंजर्सनी डायनॅमो मॉस्कोला ३-२ असे हरवले. निकाल अटीतटीचा भासतो, पण कॉलिन स्टाइनच्या एका आणि विली जॉन्स्टनच्या दोन गोलांमुळे उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच आघाडी ३-० झाली होती आणि डायनॅमोचा दुसरा गोल अगदी शेवटी आला. म्हणून गोलांची मिनिटे दिली असतील तर ती ओलांडून जाऊ नयेत.

पत्रकाच्या तळटिपाही अखेरीस वाचाव्यात. सामना संपताच प्रेक्षक मैदानात घुसल्यामुळे चषक स्टेडियमच्या आतल्या एका खोलीत सुपूर्द करावा लागला, आणि रेंजर्सवर दोन वर्षांची बंदी आली, जी पुढे एका वर्षावर आणली गेली. त्यामुळेच १९७२-७३ चे पत्रक उघडल्यावर सहभागी संघांच्या यादीत गतविजेत्याचे नाव सापडत नाही.