सशाचे तळवे दुखत असतील तर: उपचाराआधीची तयारी

सशाच्या मागच्या पायाच्या तळव्याला जखम दिसली की हात आधी मलमाकडे जातो. या यादीत मलम आहे, पण बरंच खाली. सशाच्या पावलाला कुत्र्यामांजरांसारखी गादी नसते. हाड आणि जमीन यांच्यामध्ये असते ती पातळ कातडी आणि तिच्यावरचे दाट केस. पिंजऱ्याची जाळी, खरखरीत गालिचा, गुळगुळीत फरशी किंवा ओल यांमुळे ते केस झिजले की टाचेजवळच्या कातडीवर सतत दाब येतो, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरायला लागते. दाब तसाच ठेवून कितीही चांगलं औषध लावलं तरी जखम भरत नाही. म्हणून तयारी जमिनीपासून करायची.

जाळीचा तळ असेल तर तो आजच काढा किंवा पूर्ण झाका. लघवीच्या ट्रेवर जाळी असेल तर तीही काढा. ससा ट्रेमध्ये बराच वेळ बसतो आणि नेमकं हेच बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. बसण्या-झोपण्याच्या जागी दोन-तीन सेंटिमीटर जाड फोम, त्याला पाणी न शिरणारं कव्हर, त्यावर टॉवेलसारखा शोषून घेणारा थर आणि सगळ्यात वर फ्लीसचं (मऊ, लोकरीसारख्या कृत्रिम धाग्याचं) कापड, असा क्रम ठेवा. अंगठ्याने जोरात दाबून पाहा: खालची कडक जमीन बोटाला लागली तर थर कमी पडतोय. नवं फ्लीस लघवी वरच अडवून धरतं, म्हणून दोन-तीनदा धुऊनच अंथरा आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका. अशा अंथरुणाचे तीन-चार संच हवेत, कारण दिवसातून दोनदा तरी ते बदलावं लागेल. ससा कापड किंवा फोम कुरतडून गिळत असेल तर हा बेत सोडा आणि वीतभर जाडीचा मऊ, कोरड्या गवताचा थर द्या. तो दबून पातळ होतो, तेव्हा रोज भर घालत राहा. टोचणारा पेंढा नको, तसंच देवदार किंवा पाइनचा भुसाही नको. ट्रेमध्ये कागदी गोळ्या चालतात, गोळे होणारी मांजराची वाळू चालत नाही.

पाय तपासायला दोन माणसं लागतात. खाली न घसरणारा टॉवेल, चांगला उजेड आणि फोटोसाठी फोन जवळ ठेवा. एकाने सशाचं धड टॉवेलमध्ये गुंडाळून पाठ स्वतःच्या पोटाशी टेकवून धरावं, कंबरेखाली हाताचा आधार द्यावा. दुसऱ्याने एकेक मागचा पाय हळूच पुढे घेऊन तळवा पाहावा. कंबर अधांतरी राहिली आणि सशाने जोरात लाथ झाडली तर त्याचा कणाच मोडू शकतो, म्हणून आधार क्षणभरही सोडायचा नाही. त्याला उताणा पाडून निश्चल करण्याची पद्धतही टाळा: तो शांत दिसतो, पण आतून घाबरलेला असतो. जखमेशेजारी मोजपट्टी धरून दोन्ही पायांचे फोटो काढा. आठवड्यानंतर तुलना करायला नुसती आठवण पुरत नाही.

काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं. केस गेलेला, पण कोरडा, गुळगुळीत, गुलाबी घट्टा असेल तर अंथरूण सुधारणं आणि लक्ष ठेवणं बहुतेक वेळा पुरतं. कातडी लाल, सुजलेली, खवले धरलेली असेल तर या आठवड्यातच सशांची माहिती असलेल्या पशुवैद्याची वेळ घ्या. उघडी जखम, रक्त, पू, वास, गरम लागणारी सूज किंवा लंगडणं असेल तर लगेच जा. संसर्ग खोल जाऊन हाडापर्यंत पोचला की उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि पाय पुन्हा पहिल्यासारखा होईलच असं नाही.

स्वच्छतेच्या सामानात मिठाचं पाणी पहिलं. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात साडेचार ग्रॅम मीठ वजन करून घाला. रोज ताजं करा. जंतुनाशक हवं असेल तर २ टक्के क्लोरहेक्सिडीनचं ५ मिलि द्रावण १९५ मिलि पाण्यात मिसळा, म्हणजे ०.०५ टक्के होतं. बाटली फेस येणाऱ्या स्क्रबची नाही ना, हे लेबलवर वाचून घ्या. त्याऐवजी पोव्हिडोन आयोडीन चालेल, पण पातळ कोऱ्या चहाच्या रंगाइतकं सौम्य करून. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट नवी उगवणारी कातडीच जाळतात, ती घेऊच नका. सोबत निर्जंतुक गॉझ, हातमोजे आणि टिपायला मऊ कापड ठेवा. फक्त पावलाचाच भाग धुवायचा. अख्ख्या सशाला आंघोळ घातली तर तो गारठतो आणि भेदरतो. धुतल्यावर बोटांच्या बेचक्यांपर्यंत टिपून कोरडं करा. खपली ओढू नका आणि जखमेभोवतीचे केस कापू नका, तेच त्याचं उरलेलं संरक्षण आहे.

आता मलम आणि गोळ्या. घरातली ट्यूब उचलून लावू नका. ससा पाय चाटतो, म्हणजे मलम पोटात जातं, आणि स्टेरॉइड असलेली मलमं सशांना फार बाधतात. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी प्रतिजैविकं तोंडाने दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससा दगावू शकतो. वेदनाशामकही पशुवैद्याने वजनावरून ठरवलेलंच द्या. ते मागायला संकोचू नका: दुखणारा ससा हालचाल कमी करतो, एकाच जागी बसून राहतो आणि दाब पुन्हा त्याच ठिकाणी येतो.

प्रत्येक पायाला पट्टी लागत नाही. पशुवैद्याने सांगितली तर जखमेला न चिकटणारा पॅड, मऊ कापसाचा पातळ थर आणि स्वतःलाच चिकटणारं बँडेज आणा. हे बँडेज रोलमधून निघताना ताणलेलं असतं आणि बांधल्यावर आवळत जातं, म्हणून आधी लागेल तेवढं सोडून सैल गुंडाळून घ्या आणि मग बांधा. बोटांची टोकं उघडी ठेवा, दिवसातून दोनदा ती सुजली किंवा गार पडली का पाहा. ओली पट्टी त्याच क्षणी बदला. ओली पट्टी उघड्या जखमेपेक्षा वाईट. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा शंकूसारखा कॉलर शक्यतो नको, तो घातला की सशाला पोषणासाठी लागणाऱ्या आपल्या मऊ लेंड्या खाता येत नाहीत.

नखांसाठी कात्री आणि रक्त आलंच तर दाबायला कॉर्नफ्लोअर. लांब नखांमुळे बोटं वर उचलली जातात आणि भार मागे टाचेवर सरकतो. साधारण दर चार ते सहा आठवड्यांनी नखं पाहा.

वजनकाटा मात्र यादीत ठळक लिहा. दर आठवड्याला टोपलीत बसवून वजन करा आणि वहीत नोंदवा. जाड सशाच्या टाचा बऱ्या व्हायला फार वेळ लागतो. गवत हवं तेवढं द्या, पेलेट (सशांचं तयार दाणेदार खाद्य) मात्र सशाच्या दर किलो वजनामागे दिवसाला २५ ग्रॅमच्या आत. एकदम उपाशी ठेवायचं नाही, त्याने यकृत बिघडतं. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या तर पायाचं नंतर, आधी दवाखाना.

दवाखान्यात नेताना पेटीत जाड टॉवेल आणि गवत ठेवा, जोडीदार ससा असेल तर त्यालाही न्या. फोटो, वजनाची वही आणि चालू औषधांची नावं सोबत असू द्या. हाडाबद्दल शंका असेल तर एक्स-रेबद्दल विचारा. भूल द्यायची ठरली तरी ससा उपाशी ठेवू नका. त्याला उलटी होतच नाही आणि रिकामं आतडं थांबण्याचा धोका मोठा असतो. उबदार हवेत उघड्या जखमेवर माश्या अंडी घालतात, तेव्हा घरी आल्यावर पाय आणि शेपटीखालचा भाग सकाळ-संध्याकाळ पाहा. जखम भरली तरी जाड अंथरूण काढू नका, कारण गेलेले केस पुष्कळदा परत येत नाहीत.